पोटदुखीला दहापैकी किती?

कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा, आणि मोठ्या इलाजासाठी पुढे साठेक किलोमीटरवर नागपूर. रात्री पोराच्या पोटात कळ उठली की घरात वाद ठरलेला: आत्ताच निघायचं की सकाळपर्यंत वाट पाहायची?

‘उजवीकडे दुखून राहिलं, म्हणजे अपेंडिक्सच’ हे सगळ्यात आधी ऐकू येतं. पण हे दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं. उजव्या बाजूला मुतखडाही दुखतो, बीजांडकोशाची गाठही दुखते आणि गर्भनलिकेत राहिलेला गर्भही. म्हणून पाळी चुकली असेल तर ते लाजेखातर लपवू नये. जामाच्या बियांवर मात्र उगाच आळ येतो. आंत्रपुच्छाचं, म्हणजे अपेंडिक्सचं, तोंड बंद होतं ते बरेचदा घट्ट झालेल्या मळाच्या खड्यानं किंवा आतल्या सुजेनं. त्यात बी सापडणं दुर्मिळ.

डॉक्टर मग हिशेब मांडतात. आल्फ्रेडो अल्वाराडो यांनी 1986 मध्ये 305 रुग्णांच्या नोंदींवरून दहा गुणांची पद्धत मांडली. दुखणं सरकलं 1, भूक मेली 1, मळमळ किंवा उलटी 1, दाबलेला हात झटकन उचलल्यावर कळ 1, अंगात किंचित ताप 1. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखलं तर 2, रक्तात पांढऱ्या पेशी दहा हजारांवर गेल्या तर 2, आणि त्यांत न्यूट्रोफिल वाढलेल्या असल्या तर 1. तपासणारा हात आणि रक्ताची साधी तपासणी एवढ्यावर भागतं. गावाकडच्या दवाखान्यासाठी ही केवढी सोय!

इथेच मोठा गैरसमज शिरतो: सात गुण मिळाले, म्हणजे निदान पक्कं. तसं नाही. ही पद्धत ‘नाही’ म्हणायला जितकी भरवशाची, तितकी ‘हो’ म्हणायला नाही. पाचच्या खाली गुण असतील तर अपेंडिक्सची शक्यता फार कमी उरते. जास्त गुणांवरून मात्र थेट चाकू उचलू नये. 2020 च्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. बायकांमध्ये हा आकडा फुगतो, लहान मुलांत डळमळतो. ब्रुनेईत 2010 मध्ये मांडलेल्या रिपासा पद्धतीत वय, लिंग आणि दुखण्याचे तासही मोजले जातात.

सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होणंही चूक. वायूमुळे किंवा जागेमुळे आंत्रपुच्छ पुष्कळदा दिसतच नाही. मधले गुण आले तर काही तासांनी पुन्हा तपासायचं, गरज पडल्यास सीटी स्कॅन करायचं. डॉक्टर ‘थांबून पाहू’ म्हणाले तर ती टाळाटाळ समजू नका.

वेदनाशामक दिल्यानं निदान चुकतं, ही जुनी समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. अचानक दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं, ही समजूत सगळ्यात घातक. आंत्रपुच्छ फुटल्यावरही थोडा वेळ आराम वाटतो.

तेव्हा जुलाबाचं औषध किंवा एरंडेल देऊ नका. दुखणं किती वाजता आणि कुठे सुरू झालं, ते लिहून ठेवा. पोट फळीसारखं कडक झालं, ताप चढला किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.