क्रँककेसमधील वायुवीजन व निर्वात

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेले महाराष्ट्रातील पहिले गाव होय. १९९३ च्या पावसाळ्यात येथील घरे पाण्यात गेली. तेव्हापासून नर्मदाकाठच्या या डोंगराळ पट्ट्यातील ये-जा पुष्कळ अंशी बोटींवर अवलंबून राहिली आहे. लहान बोटीस आपल्याकडे अनेकदा शेतीपंपाच्याच जातीचे एका सिलिंडरचे डिझेल एंजिन बसवितात. अशा एंजिनाच्या अंगावर एक लहानशी डबी असते. तिला मिस्त्री ‘ब्रीदर’ म्हणतात. तिच्यातील पातळ चकती अडकली, की थोड्याच दिवसांत एंजिन सांध्यासांध्यांतून तेल गाळू लागते. ड्रॅग शर्यतीच्या, म्हणजे सरळ रस्त्यावर उभ्या स्थितीतून निघून पाव मैल किंवा सुमारे ४०२ मीटर अंतर कापण्याच्या, मोटारींत याच कामासाठी पट्ट्याने फिरणारा निर्वात पंप बसविलेला आढळतो. एकास चकती पुरते व दुसऱ्यास पंप का लागतो, हे पाहू गेल्यास एंजिनाच्या एका दुर्लक्षित अंगाची चांगली ओळख होते.

भुजादंड, म्हणजे कारखान्यातील भाषेत क्रँकशाफ्ट, ज्या बंदिस्त पेटीत फिरतो ती क्रँककेस होय. दट्ट्याच्या कड्या कितीही काटेकोर बसविल्या तरी ज्वलनातील उच्च दाबाचे काही वायू त्यांच्या फटींतून खाली निसटतातच. या वायूंत पाण्याची वाफ, काजळी व न जळलेले इंधन असते. त्यांना वाट न दिल्यास दाब साचतो, वंगण तेल बिघडते आणि गॅस्केट व तेलसील यांतून ते बाहेर पडू लागते. म्हणून वायुवीजन आवश्यक ठरते.

परंतु निसटत्या वायूंचा विचार करून भागत नाही. दट्ट्याची खालची बाजूही पंपाप्रमाणेच काम करीत असते. ८० मिलिमीटर व्यासाचा व ११० मिलिमीटर धावेचा दट्ट्या घ्या. पाच अश्वशक्तीच्या पंप-एंजिनांत हे माप परिचित आहे. तो खाली येताना क्रँककेसमधील पोकळी ५५३ घन सेंटिमीटरांनी कमी करतो व वर जाताना तितकीच वाढवितो. मिनिटास १,५०० फेरे धरल्यास सेकंदाला सुमारे १४ लिटर हवा बाहेर ढकलली जाते व तितकीच आत ओढली जाते. निसटते वायू यापुढे फारच थोडे असतात. पेटीस नुसते भोक ठेवल्यास या श्वासोच्छ्वासाबरोबर तेलाचे तुषार बाहेर आणि धूळ व ओल आत, असा व्यवहार अखंड चालेल.

ब्रीदरमधील चकती ही एकमार्गी झडप आहे. दट्ट्या खाली येताना ती उघडते, वर जाताना मिटते. त्यामुळे हवा बाहेर जाते, पण परत येत नाही. पोकळी ५ लिटर धरली, तर दट्ट्या वर पोचताना आतील दाब तत्त्वतः एकदशांशाने उतरेल. प्रत्यक्षात गळती व निसटते वायू यांमुळे तो पुष्कळच कमी उतरतो; तथापि सरासरी दाब बाहेरच्या दाबाहून किंचित जरी खाली राहिला, तरी सांध्यांतून तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत येऊ पाहते. जुन्या बुलेट मोटारसायकलीच्या ब्रीदर-नळीला बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असे, तीही याच कारणास्तव. (दोन धावांच्या एंजिनाची गोष्ट अगदीच निराळी. आपल्याकडील ड्रॅग शर्यतींत लोकप्रिय असलेल्या यामाहा आरएक्स १०० मध्ये क्रँककेस हाच ताज्या मिश्रणाचा पंप असल्यामुळे तेथे वायुवीजनाचा प्रश्नच उद्भवत नाही.)

आठ सिलिंडरांच्या ‘व्ही’ रचनेत मात्र ही युक्ती निरुपयोगी ठरते. काही दट्टे खाली येत असता तितकेच वर जात असतात. एकूण पोकळी जवळजवळ स्थिर राहते आणि हवा आतल्या आत एका कप्प्यातून दुसऱ्यात धावते. झडपेस चालना देणारा स्पंद मिळत नाही, त्यामुळे निर्वात बाहेरून उत्पन्न करावा लागतो. रस्त्यावरील गाड्यांत पूर्वी त्यासाठी गाडीखाली उघडणारी तिरकी कापलेली नळी असे व धावत्या गाडीखालचा वारा तिच्यातून वायू ओढून घेई. कॅलिफोर्नियात १९६१ पासून नव्या गाड्यांत हे वायू पुन्हा आदान नळीत सोडून जाळण्यात येऊ लागले. ती पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली, पण शर्यतीस ती उपयोगाची नाही: थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर आदान नळीतील निर्वात जवळजवळ नाहीसा होतो आणि नेमक्या त्याच वेळी निसटते वायू सर्वांत अधिक असतात.

यावर शर्यतीच्या एंजिनांत तीन उपाय आढळतात. निष्कास नळीत तिरकी नलिका बसवून वेगाने जाणाऱ्या वायूंकरवी क्रँककेसमधील वायू ओढून घेणे, हा सर्वांत स्वस्त. परंतु सायलेन्सर किंवा टर्बो असल्यास तो कुचकामी ठरतो. दुसरा उपाय पट्ट्याने फिरणाऱ्या पात्यांच्या पंपाचा. तिसऱ्यात तेल वेगळ्या टाकीत ठेवून ते खेचणाऱ्या पंपांकडूनच हवाही ओढून घेतली जाते. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० नंतरच्या दशकात ज्या शर्यती झाल्या, त्यांसारख्या ठिकाणी बहुतेक गाड्या मुळात रस्त्यावरच्याच असतात. त्यांना चांगला ब्रीदर व तेल साठविणारा डबा पुरेसा होतो. पंपाचे कौतुक त्यापुढचे.

पंपामुळे शक्ती वाढते असे सरसकट सांगितले जाते. मोठ्या एंजिनांत दहा-वीस अश्वशक्तीचा लाभ झाल्याचे शर्यतीतले लोक सांगतात. विरळ हवेत भुजादंडास होणारा रोध घटतो, हे त्याचे एक कारण. खरा लाभ मात्र कड्यांत आहे. सिलिंडरच्या भिंतीवरील तेल खरवडणारी कडी घट्ट दाबून धरावी लागते व तिचे घर्षण एंजिनातील घर्षणाचा मोठा भाग असते. खाली निर्वात असल्यास तेल वर चढण्याची प्रवृत्ती कमी होते, आणि म्हणून कमी ताणाची कडी वापरता येते. ज्वलनकोठीत तेल न गेल्याने ठोका बसण्याचा धोकाही कमी होतो. जुन्या ताठ कड्या तशाच ठेवून नुसता पंप जोडणाऱ्यास यातील थोडाच वाटा मिळतो.

निर्वाताला मर्यादा आहे. पाऱ्याचे १५ इंच म्हणजे सुमारे अर्धे वातावरण. तेलपंप तेल ओढतो ते क्रँककेसमधील दाबाच्या आधारावर. तो आधार निम्मा झाला की पंपात पोकळी पडण्याची भीती उत्पन्न होते. दट्ट्याची पिन उडत्या तेलावरच भिजत असल्याने तीही कोरडी पडू शकते. यासाठी निर्वात मर्यादित करणारी झडप बसवितात. तेलदाबमापकाचा येथे गैरसमज होऊ नये. मापक बाहेरच्या हवेच्या संदर्भात दाब दाखवितो, तर बेअरिंगमधून तेल वाहते ते क्रँककेसच्या संदर्भात. १५ इंच निर्वातात मापक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्ध्या किलोग्रॅमने कमी दाखवितो. तेवढी घट केवळ दिसण्यापुरती असू शकते. तेलसीलचे ओठ आतील दाब अडविण्यासाठी घडविलेले असतात, त्यांतून आता हवा आत शिरते; म्हणून काही ठिकाणी ती सील उलटी बसवितात.

बोटीच्या एंजिनाकडे वळल्यास हाच विचार खर्च वाचवितो. तेल गळू लागले की कड्या झिजल्या असे मानून एंजिन उघडण्याकडे कल असतो. पण अडकलेल्या चकतीनेही तीच लक्षणे दिसतात. पारदर्शक नळी वाकवून तिच्यात पाणी भरावे आणि ती तेलमाप-काडीच्या भोकाशी घट्ट जोडावी. स्पंदांनी पाणी उसळू नये म्हणून वाटेत बारीक छिद्राची अडसर ठेवावी. एंजिन चालू असता एंजिनाकडील पाणी थोडे वर ओढले गेले, तर चकती काम करीत आहे. ते खाली ढकलले गेल्यास प्रथम ब्रीदर उघडून चकती रॉकेलने धुवावी व सपाट बसते का ते पाहावे. त्यानंतरही दाब राहिला आणि भार वाढविताच तो वाढला, तरच कड्या व सिलिंडर यांची तपासणी करणे योग्य ठरते.