घर विकून दुकान टाकताय? आधी कपाटातली फाईल काढा



दिवाळीच्या आधी आमच्या हार्डवेअरच्या दुकानात एक गिऱ्हाईक हमखास येतं. "मॅडम, स्वस्तातला डिस्टेंपर द्या, घर विकायचंय, एक हात मारून घेतो." मी डिस्टेंपर देते, धंदा आहे माझा. पण बिल करता करता विचारते, "शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे?" बरेच जण माझ्याकडे नुसते बघत राहतात. रंगाच्या दुकानात हा प्रश्न कशाला, असं त्यांना वाटत असणार.

हा प्रश्न मी ५०,००० रुपये मोजून शिकलेय.

२०१९ ची गोष्ट. नोकरी सोडून दुकान टाकायचं ठरलं होतं आणि भांडवल म्हणजे डोंबिवली पूर्वेचं आमचं वन रूम किचन. १९९४ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा २०१६ ला गेले, आई माझ्याकडे बदलापूरला राहायला आली, घर बंदच होतं. आईच म्हणाली, "वीक ते, आणि टाक तुझं दुकान." ३९ लाखांना गिऱ्हाईक मिळालं, टोकन आलं, आणि त्याच आठवड्यात मी बदलापूर स्टेशनजवळच्या एका गाळ्याला ५०,००० टोकन देऊन बसले. तीन महिन्यांत डिपॉझिट भरायचं, नाहीतर टोकन विसरायचं, असं लेखी.

मग गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलाने फाईल मागितली. ॲग्रीमेंट बाबांच्या नावावर, शेअर सर्टिफिकेट बाबांच्या नावावर. आम्ही निवांत होतो, कारण सोसायटीत आईचं नॉमिनेशन होतं. वकील म्हणाले, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, त्यामुळे हक्क चौघांचा: आई, दादा, ताई आणि मी. भांडण नव्हतं हो कोणाचं! आईच्या नावाने हक्कसोडपत्र करायला तिघंही तयार होतो. पण दादा पुण्याला, ताई नाशिकला, सगळ्यांना एका दिवशी सुट्टी मिळेना. ते रजिस्टर झालं, मग सोसायटीच्या कमिटीची मीटिंग, मग सर्टिफिकेटवर आईचं नाव. साडेचार महिने गेले. गिऱ्हाइकाने दुसऱ्याच महिन्यात टोकन परत घेतलं. त्याचंही बरोबर होतं, तो भाड्याने राहत होता. माझा गाळा गेला, टोकन गेलं, आणि पुढचं गिऱ्हाईक ३७.५ लाखांवर अडून बसलं. दिलं आम्ही.

म्हणून सांगते, ब्रोकरला फोन करायच्या आधी कपाटातली फाईल काढा. बिल्डरपासून आजपर्यंत घर जितक्या वेळा विकलं गेलं तितकी सगळी ॲग्रीमेंट्स, त्यांचे इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची ताजी पावती, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. आणि ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ अनधिकृत इमारतींचं प्रकरण गाजलं, बनावट परवानग्यांवर त्यांची रेरा नोंदणीसुद्धा झालेली होती. तेव्हापासून आमच्या पट्ट्यातलं गिऱ्हाईक हॉल बघायच्या आधी ओसी विचारतं. तुमच्याकडे प्रत नसेल तर सोसायटीच्या दप्तरात शोधा.

घरावर कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतात. बँकेकडून किती बाकी आहे याचं पत्र आणि कागदांची यादी आधीच घेऊन ठेवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पण नियम आहे म्हणून तारखा अगदी घट्ट बांधू नका.

आता पैशाचं. आपण दुकानात कॉस्टिंग करतो ना? तसंच घराचं करा. सांगितलेली किंमत वेगळी आणि हातात येणारी वेगळी. ब्रोकरेज आमच्याकडे साधारण १ ते २ टक्के, घासाघीस होते, ठरलेलं व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. सोसायटीला ट्रान्सफरचं प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० घेता येतं, नगरपरिषदेत त्याहून कमी. त्यावर "बिल्डिंग फंडाला काहीतरी द्या" म्हणून कोणी अडवलं तर तुम्ही बांधील नाही. हे प्रीमियम कोण भरणार ते टोकनच्या दिवशीच ठरवा, नाहीतर शेवटी त्यावरून तोंडं वाकडी होतात. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून भरतो. तो बुडत नाही, पण त्या दिवशी हातातही नसतो. आणि २०,००० किंवा त्याहून जास्त टोकन रोखीत घेऊ नका. जेवढी रोख घ्याल तेवढाच दंड बसू शकतो.

सगळ्यात मोठा गैरसमज टॅक्सचा. "पैसे धंद्यातच घालतोय, मग टॅक्स कशाला?" घर विकून झालेल्या नफ्यावरची सूट दुसरं राहतं घर घेतलं तर मिळते, किंवा सहा महिन्यांच्या आत ठरावीक बाँडमध्ये ५० लाखांपर्यंत गुंतवले तर. दुकानात माल भरला म्हणून मिळत नाही. घर दोन वर्षांपेक्षा जास्त तुमच्याकडे असेल तर दर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला महागाईचा हिशेब धरून २० टक्क्यांचाही पर्याय आहे, जो कमी पडेल तो. वडिलांचं घर असेल तर त्यांची खरेदी किंमत आणि त्यांची वर्षं धरतात. घर २००१ पूर्वीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट लागतो. सीएला विक्रीनंतर नाही, आधी भेटा.

एवढं झालं की मग या माझ्या दुकानात रंग घ्यायला. पण ओल असेल तर मी तुम्हाला रंग विकणार नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली तर पोपडे येणारच, आणि गिऱ्हाईक भिंतीला हात लावून बघतं हो. वन रूम किचनमध्ये ओल बहुतेक वेळा बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांतून येते. सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, भिंत पूर्ण सुकू द्या, मग प्रायमर, मग फिकट रंग. नवीन मॉड्युलर किचनवर लाखभर घालू नका, घेणारा बहुतेक वेळा ते तोडून स्वतःच्या आवडीचं करतो. गळणारे नळ, न लागणारी कडी, काळे पडलेले स्विच, हे दोन-तीन हजारांत बदला. लीकेज पूर्वीचं असेल तर सांगून टाका. पावसाळ्यात ते दिसणारच आहे, आणि अर्धवट मोडलेला व्यवहार किती महाग पडतो ते वर सांगितलंच.

पितृपक्षात कोणी टोकन देत नाही म्हणून घाबरून किंमत पाडू नका. दसऱ्याला तीच माणसं फोन करतात.

आता आमच्या ३७.५ लाखांचं काय झालं? मला सगळे दुकानात हवे होते. दोन गाळ्यांची स्वप्नं बघत होते मी. आई म्हणाली, बारा. बारा लाख तुला, उसने, हप्त्याने परत करायचे. कागद केला, त्यावर दादा आणि ताईच्याही सह्या घेतल्या. बाकीचे तिच्या नावाने एफडीत. तेव्हा राग आला होता. २०२० च्या मार्चमध्ये दुकान सुरू होऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि लॉकडाऊन लागला. शटर बंद, भाडं चालू, आणि घरात किराणा त्या एफडीच्या व्याजावर आला.

अजूनही दिवाळीच्या आधी जास्तीचा माल भरायची हाव सुटते. मग मी आईला हळूच विचारते, ती एफडी यंदा मॅच्युअर होतेय ना गं? ती म्हणते, "होतेय. आणि परत तिथेच ठेवणार आहे."