खांद्याच्या शिवणीकडे पाहणारा माणूस

गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली निघालं. त्याच साली लंडनहून मुंबईवरचं आणखी एक पुस्तक प्रसिद्ध झालं. मुंबईत कारकुनी करता करता छायाचित्रकार झालेल्या विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रजाचं. मुंबईत राहणाऱ्या आणि येऊन-जाऊन असणाऱ्या ‘वंश आणि जमातीं’ची छायाचित्रं, सोबत माहितीचा मजकूर, असा तो ऐवज. पहिल्या खंडात गुजरात, कच्छ, काठेवाडकडची माणसं. १८६६ मध्ये आलेल्या दुसऱ्या खंडात आपली महाराष्ट्रातली. पहिल्यात नागर ब्राह्मण स्त्रिया आहेत, वल्लभ संप्रदायाचे महाराज आहेत. (याच महाराजांवरून झालेली बदनामीची महाराज लायबल केस तो खंड निघायच्या आदल्याच वर्षी गाजली होती, तेव्हा या पानावर वाचक जरा जास्त वेळ थांबले असतील.) माणसं कुठल्याशा इमारतीसमोर, झाडाखाली, मोकळ्या जागेत दिसतात. त्यातली बरीचशी तिथं कधी उभीच नव्हती. माणसांची काच वेगळी, देखाव्याची वेगळी. दोन्ही जुळवून एक चित्र छापलेलं.

याला एक तांत्रिक कारण होतं. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच काच धुवायची. समोरच्याने काही सेकंद हलायचं नाही. चालता माणूस या कॅमेऱ्यात नुसता धुरकट पट्टा होऊन उमटायचा. पण मला वाटतं, रस्त्यावरचा चालता माणूस टिपता आला असता तरी जॉन्सनने तो घेतला नसता. त्याला नमुना हवा होता. एका बाईच्या साडीच्या निऱ्या म्हणजे त्या ज्ञातीतल्या सगळ्या बायकांच्या निऱ्या. पगडीवरून माणसाची जात ओळखण्याचा तो काळ, आणि कॅमेराही तेच काम करत होता. त्या दिवशी एखाद्याने पगडी मुद्दाम जरा तिरकी घातली असेल, तर ती सरळ करायला सांगितलं गेलं असणार.

अनोळखी माणसांचे त्यांच्या कपड्यांसाठी फोटो काढण्याचा उद्योग आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे, तो असा. आणि त्यात पहिल्यापासून दोन नजरा आहेत. एक नजर कपड्यावरून माणूस कुठल्या गटातला ते बघते. दुसरी त्या माणसाने आज सकाळी त्या कपड्याचं काय केलं ते बघते. न्यूयॉर्क, तोक्यो, पॅरिसच्या रस्त्यांवर गेल्या पन्नासेक वर्षांत बहरलेली फॅशन छायाचित्रणाची शाखा दुसऱ्या नजरेची आहे, निदान तिचा दावा तरी तसा आहे. ती पुन्हा पुन्हा पहिलीकडे घसरते, हा तिचा खरा इतिहास.

मधल्या काळातले दोन टप्पे भराभर सांगतो. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार लिन्ली सॅम्बोर्न याने १९०५ नंतरची दोन-तीन वर्षं केन्सिंग्टनच्या रस्त्यांवर लपवलेल्या कॅमेऱ्याने येणाऱ्याजाणाऱ्या बायकांचे फोटो घेतले. फोटो सुंदर आहेत. चालताना सावरलेला घोळ, वाऱ्याने उडणारी टोपी. पण चोरून घेतलेले आहेत, आणि ते बघताना आपल्यालाही थोडं चोरट्यासारखं होतं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये सीबर्गर बंधू घोड्यांच्या शर्यतींना येणाऱ्या नटव्या श्रीमंतांचे फोटो उघडपणे काढून फॅशनच्या मासिकांना पुरवू लागले. तिथं बायका फोटो निघावा म्हणूनच सजून येत. चोरून काढणं आणि काढून घ्यायला येणं, या दोन्ही गोष्टी इतक्या लवकर ठरून गेल्या होत्या.

या दोहोंच्या मधोमध जो माणूस आयुष्यभर उभा राहिला तो बिल कनिंगहॅम. जन्म १९२९, बॉस्टन. हार्वर्ड अर्धवट सोडून न्यूयॉर्कला आला आणि बायकांच्या हॅट करू लागला. दुकानाचं नाव ‘विल्यम जे.’, घरच्यांना संकोच वाटू नये म्हणून आडनाव गाळलेलं. मधे लष्करात जाऊन आला, फॅशनवर लिहिलं, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका छायाचित्रकार मित्राने त्याला ऑलिम्पसचा छोटा कॅमेरा दिला, वहीसारखा वापर म्हणून. हा कॅमेरा अर्ध्या चौकटीचा होता, म्हणजे छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये बहात्तर फोटो निघायचे. टिपणं काढणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय हवं?

हॅट करणारा म्हणजे हाताने काम करणारा कारागीर. आपल्याकडचा शिंपी रस्त्याने जाणाऱ्याचा चेहरा बघत नाही, मुंढा बघतो. बाही कुठे ओढली गेली, खांदा कुठे उतरला हे त्याला आधी दिसतं. कनिंगहॅमचं तसंच होतं. त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट हेच सांगते. एका बाईच्या फरच्या कोटाच्या खांद्याची बेतणी त्याला विलक्षण वाटली, म्हणून त्याने फोटो घेतला. ती बाई ग्रेटा गार्बो होती, हे त्याला नंतर कळलं. ३० डिसेंबर १९७८ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्या फोटोसकट त्याने टिपलेल्या नामांकितांचं अख्खं दालन छापून आलं आणि पुढे ‘ऑन द स्ट्रीट’ हे त्याचं सदर सुरू झालं. जगातली सर्वांत प्रसिद्ध, फोटोला सर्वांत जास्त टाळणारी नटी समोरून गेली आणि या गृहस्थाने पाहिला तो खांदा. मला यात भाबडेपणा दिसत नाही, कारागिराची शिस्त दिसते.

फिफ्थ ॲव्हेन्यू आणि सत्तावन्नावा रस्ता यांचा कोपरा ही त्याची बैठक. अंगात फ्रेंच सफाई कामगार घालतात तसलं निळं जाड जाकीट, पॅरिसच्या दुकानात वीसेक डॉलरना मिळणारं; खाली सायकल. सायकली चोरीला जायच्या आणि तो नवी घ्यायचा. असं अठ्ठावीस वेळा झालं. कार्नेगी हॉलच्या इमारतीत एक खोली, तिच्यात फोटोंच्या निगेटिव्हने भरलेली लोखंडी कपाटं आणि कपाटांच्या मधे फळकुटावर टाकलेली गादी. स्वयंपाकघर नाही, न्हाणीघर बाहेर सामाईक. गिरणगावातल्या चाळीत राहिलेल्याला यात नवल नाही, पण हा माणूस संध्याकाळी जायचा ते शहरातल्या सर्वांत धनाढ्य लोकांच्या मेजवान्यांना. तिथं पाणीसुद्धा प्यायचा नाही. ‘डिटेल्स’ मासिकात त्याचे फोटो पानंच्या पानं छापून यायचे, त्याबद्दलचे धनादेश त्याने वटवले नाहीत. पैसे घेतले की ते सांगतील ते करावं लागतं, एवढा साधा हिशोब. ‘टाइम्स’ची नोकरीही त्याने पत्करली ती १९९४ मध्ये सायकलवर असताना ट्रकची धडक बसल्यावर, आरोग्यविम्यासाठी.

पद्धत बघण्यासारखी होती. एक फोटो छान आला म्हणून छापायचा, असं नाही. तो दिवसेंदिवस कोपऱ्यावर उभा राहायचा आणि काय दिसतंय ते साठवत जायचा. एकदा एखादी गोष्ट पाच-सात जणींच्या अंगावर दिसली, विशिष्ट रंग, कमरेला गुंडाळलेला स्वेटर, की तो मग तिच्या मागे लागायचा. रविवारच्या पानावर वीस-पंचवीस छोटे फोटो दाटीने, सगळ्यांत तोच एक धागा. एकटा फोटो पाहिला तर काहीच विशेष नाही. पंचवीस एकत्र पाहिले की शहराला काय झालंय ते कळायचं. हे जॉन्सनच्या अगदी उलटं: तिथं एका माणसावरून सगळी जमात, इथं अनेक माणसांवरून एक कल, आणि त्यात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

पाऊस आणि बर्फ त्याला विशेष प्रिय. हवा बिघडली की माणसं ऐट विसरतात, असं त्याचं म्हणणं. कोपऱ्यावर साचलेल्या चिखलबर्फाच्या डबक्यावरून उंच टाचांच्या बुटांत उडी मारणाऱ्या बायका त्याने वर्षानुवर्षं टिपल्या. हा गृहस्थ जुलैत मुंबईच्या पाणी तुंबलेल्या हिंदमाताला उभा राहिला असता तर परत गेला नसता.

त्याने एक पथ्य पाळलं, आणि त्यामागे एक कडू अनुभव होता. एका फॅशनच्या दैनिकासाठी त्याने प्रदर्शनातल्या मॉडेलच्या अंगावरचे कपडे आणि तेच कपडे घातलेल्या रस्त्यावरच्या बायका असे फोटो शेजारी शेजारी दिले होते. खऱ्या बाया हे कपडे किती छान वागवतात, हे त्याला दाखवायचं होतं. संपादकांनी खालच्या ओळी अशा बदलल्या की बायांची टर उडाली. त्याने ते काम सोडलं. २०१६ मध्ये सत्त्याऐंशीव्या वर्षी तो गेला तोवर त्याच्या सदरात कुणाची खिल्ली उडाली नाही.

कनिंगहॅम विचारायचा नाही, सरळ फोटो काढायचा. तोक्योच्या शोइची आओकीने उलटं केलं. हाराजुकू भागात रविवारी रस्ता वाहनांना बंद असायचा आणि तरुण पोरं-पोरी तिथं जमायची. आईच्या जुन्या किमोनोचा पट्टा, लाकडी खडावा, त्यावर पाश्चात्त्य झगा, वर स्वतः शिवलेलं काहीबाही. आओकीने १९९७ मध्ये ‘फ्रूट्स’ हे मासिक काढलं. त्यात माणूस विचारून उभा केलेला, डोक्यापासून पायापर्यंत, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा. खाली नाव, वय, व्यवसाय. कुठला कपडा कुठून घेतला, जुन्या बाजारातून की घरी केला. आजच्या पेहरावात मुख्य गोष्ट कोणती. सध्या कशाचं वेड आहे. शेवटचे दोन प्रश्न मला अफलातून वाटतात. जॉन्सनच्या पुस्तकातही फोटोसोबत मजकूर होता, पण तो साहेबाने लिहिलेला. इथं पोरगी स्वतः सांगतेय की आज सगळं लक्ष मोज्यांवर आहे.

१९९८ मध्ये रविवारचा तो बंद रस्ता पुन्हा गाड्यांना खुला झाला. मग मोठाल्या साखळी दुकानांचे स्वस्त तयार कपडे आले, मग फोन आले. २०१७ मध्ये आओकीने मासिक बंद केलं. फोटो काढावा अशी मुलं आता दिसत नाहीत, हे त्याने दिलेलं कारण. यात वयस्क माणसाची नेहमीची कुरकुर थोडी असेल, पण वीस वर्षं त्याच रस्त्यावर उभं राहिलेल्याचं म्हणणं झटकून टाकता येत नाही.

पश्चिमेकडे उलटा प्रकार झाला, फोटो काढावा अशी माणसं फार झाली. फॅशनच्या आठवड्यात प्रदर्शनाच्या दारात छायाचित्रकारांची झुंबड, आणि त्यांच्यासमोरून तीच बाई तीनदा रस्ता ओलांडतेय. २०१३ मध्ये ज्येष्ठ फॅशन पत्रकार सुझी मेंकेस यांनी या प्रकाराला सर्कस म्हटलं. पूर्वी प्रदर्शनाला काळ्या कपड्यांतले कावळे यायचे, आता मोर येतात, असा त्यांचा सूर. त्यांतले पुष्कळ पिसारे कंपन्यांनी उसने दिलेले असतात, फोटोही कंपनीच वापरते. २०१७ च्या सप्टेंबरात तिथल्या छायाचित्रकारांनी ‘फुकट फोटो नाही’ अशी मोहीमच काढली. रस्त्यावर रस्त्यातला माणूस उरलाच नाही.

ज्याला फोटो नको होता त्याचं काय, हा प्रश्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात १९९८ मध्ये निकाली निघाला. माँट्रियालमधल्या सेंट कॅथरीन रस्त्यावर एक सतरा वर्षांची मुलगी इमारतीच्या पायरीवर बसली होती. फोटो घेतला गेला, १९८८ मध्ये एका कलाविषयक मासिकात छापला. अंकाच्या विकल्या गेलेल्या प्रती ७२२. फोटोत वाईट काहीच नाही. पण वर्गातली मुलं अंक पाहून तिला हसली. न्यायालयाने दोन हजार डॉलरची भरपाई कायम ठेवली: रस्त्यावर बसलं म्हणजे छापण्याची परवानगी दिली असं होत नाही. छायाचित्रकार या निकालावर आजही चिडतात. निकाल क्युबेक प्रांताच्या कायद्यापुरता. न्यूयॉर्कचा कायदा छायाचित्रकाराला पुष्कळ मोकळीक देतो आणि कनिंगहॅम तिथं निर्धास्त होता. तरी मला त्या ७२२ प्रती महत्त्वाच्या वाटतात. इतक्या थोड्या प्रतींत जर वर्ग हसला, तर आज फोनवरून फोटो किती वर्गांत पोहोचत असेल?

आता आपल्याकडे. मुंबईचा खरा रोजचा पेहराव टिपायचा तर संध्याकाळी चर्चगेटला उभं राहावं. सॅक पाठीऐवजी पोटावर, ऑफिसच्या कुर्त्याखाली धावायचे बूट आणि सँडल पिशवीत, ओढणीला दोन्ही खांद्यांवर सेफ्टीपिना. फॅशन स्ट्रीटवरून घेतलेला एक्स्पोर्टचा शर्ट, ज्याच्या कॉलरमागचं लेबल अर्धं कापलेलं असतं, आणि तिथल्याच फुटपाथवर मशिन घेऊन बसलेल्याकडून घेतलेली कमरेची फिटिंग. असे फोटो क्वचित छापले जातात. छापला जातो तो गुढीपाडव्याचा. गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, फेटा, गॉगल आणि बुलेट. छायाचित्रकारांचा घोळका त्या बुलेटभोवती, दुसऱ्या दिवशी दैनिकात तोच फोटो, दरवर्षी. पहिल्या वर्षी नऊवारीत बुलेटवर बसणं ही त्या बाईची स्वतःची करामत होती. आता तो नमुना झालाय: मराठी स्त्री, सणाचा पोशाख. साडी शिवलेली मिळते, फेटा बांधलेला मिळतो. जॉन्सनच्या दुसऱ्या खंडात तो फोटो बेमालूम बसेल.

डोंबिवलीचा फडके रोड मला जास्त आशेचा वाटतो. दिवाळीच्या पहिल्या दिवशी अभ्यंगस्नान करून गावची पोरं-पोरी नव्या कपड्यांत तिथं लोटतात, कार्यक्रम काही असो-नसो. हाराजुकूचा रविवार आठवावा अशीच गर्दी, आणि हातात फोन सगळ्यांच्याच. कुणी सराईत छायाचित्रकाराने तिथं आओकीच्या प्रश्नांचा तक्ता न्यावा. फोटो विचारून घ्यावा आणि मग चौकशी करावी: साडी कुणाची? आईची असेल तर आईने ती कधी घेतली होती? ब्लाउज आईचाच उसवून आत घेतला की नवा, आणि शिवला कुणी? झब्बा मित्रांनी मिळून एकाच ताग्यातला घेतला का? वर्तमानपत्रातल्या ‘तरुणाईचा जल्लोष’ या ओळीत यातलं काहीच येत नाही. पन्नास फोटो, खाली पन्नास उत्तरं, एवढं कुठल्याही दिवाळी अंकाच्या आठ पानांत बसतं. उत्तर द्यायचं नसेल त्याचा फोटो घेऊ नये, आणि दिल्यावर नाही म्हणाला तर छापू नये.