अपयश आपोआप काही शिकवत नाही

दहावी-बारावीचा निकाल लागो की एमपीएससीची यादी, 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. धीर द्यायला ते ठीक आहे. पण 'आपटला ना, आता शिकेल आपोआप' म्हणून मोठी माणसं विषय मिटवतात, तेव्हा त्या मुलाचं खरंच नुकसान होतं.

गैरसमज : अपयश माणसाला शिकवतं.

वस्तुस्थिती : अपयशानंतर माणूस बहुधा कमी शिकतो. लॉरेन एस्क्रीस-विंकलर आणि एलेट फिशबाख यांनी १,६७४ जणांवर पाच प्रयोग केले आणि २०१९ मध्ये ते 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले. प्रश्नाला पर्याय दोनच. त्यामुळे 'तुमचं उत्तर चुकलं' एवढं कळलं, तरी बरोबर उत्तर समजलंच. तरीही पुढच्या चाचणीत 'चुकलं' ऐकलेले लोक 'बरोबर' ऐकलेल्यांपेक्षा मागे पडले. चूक मनाला लागते आणि माणूस तिच्याकडे बघणंच टाळतो. मात्र दुसऱ्याचं अपयश पाहताना लोक, दुसऱ्याच्या यशातून शिकतात तितकंच शिकले.

म्हणजे शिकवतो तो तपास, आपटणं नव्हे. ७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ चा 'विक्रम' लँडर चंद्रावर कोसळला. इस्रोने कारणं शोधली: इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साठत गेल्या, यानाच्या वळण्याच्या वेगाला मर्यादा होती आणि उतरायला जागा जेमतेम ५०० बाय ५०० मीटर. चांद्रयान-३ मध्ये पाचाऐवजी चार इंजिनं ठेवली, पाय बळकट केले, इंधन वाढवलं, उतरण्याचा टापू ४ बाय २.४ किलोमीटर केला. २३ ऑगस्ट २०२३ ला यान अलगद उतरलं. 'पहिली पायरी' म्हणून चार वर्षं कोणी स्वस्थ बसलं नव्हतं.

घरातही हे जमतं. बोर्ड उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत देतं. ती मागवा आणि राग निवल्यावर शिक्षकांसोबत, दुसऱ्या कोणाची असल्यासारखी वाचा. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहा: येत नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही की वेळ संपला? पहिल्याला अभ्यास हवा, तिसऱ्याला घड्याळ लावून सराव. तिन्हींवर 'जास्त मेहनत कर' हा एकच उपाय सांगणं थांबवा.

आणखी काही गैरसमज

आइन्स्टाइन गणितात नापास झाला होता. नाही. पंधराव्या वर्षाआधीच त्याने कलनशास्त्र आत्मसात केलं होतं. १८९५ मध्ये झ्युरिकच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशपरीक्षेत तो अडला, पण तिथेही गणित-भौतिकात उत्तम होता.

एडिसनने बल्बसाठी दहा हजार वेळा अपयश पचवलं. हजारो प्रयोगांचा तो किस्सा १९१० च्या त्याच्या चरित्रात आहे, पण बॅटरीबद्दल. आणि प्रत्येक प्रयोगातून काय निष्पन्न झालं, याची तो नोंद ठेवत असे. चिकाटीच्या गोष्टीतून नेमकं तेवढंच गळतं.

स्वतः चुकल्याशिवाय कळत नाही. असंही नाही. विमान अपघाताच्या चौकशीचा हेतू दोषी ठरवणं नसून पुढचा अपघात टाळणं हा आहे, असं आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. एका विमानातली चूक उघडपणे लिहिली जाते, म्हणून ती न केलेले वैमानिकही तिच्यातून शिकतात. आपल्या घरात आणि वर्गात चूक अशी न घाबरता सांगता आली, तर प्रत्येक मुलाला ती स्वतः करून बघावी लागणार नाही.