फुटबॉलमधील भरपाई वेळ : पंचाचे घड्याळ आणि नियम ७

२४ एप्रिल २०२४ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला. एफसी गोवा संघ जवळजवळ ९० व्या मिनिटापर्यंत २-० असा आघाडीवर होता. त्यानंतर मुंबई सिटी संघाने काही मिनिटांतच तीन गोल केले. त्यांपैकी दोन गोल ९०+१ व ९०+६ अशा, नियमित वेळेपलीकडील मिनिटांत नोंदले गेले आणि गोव्याच्या हातातील सामना ३-२ असा निसटला. एवढे परिणामकारक ठरणारे हे मिनिट कोण व कशाच्या आधारे देतो, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

मराठी वृत्तपत्रांत रूढ असलेली ‘इंज्युरी टाइम’ ही संज्ञा अपुरी आहे. दुखापत हे अनेक कारणांपैकी केवळ एक होय. फुटबॉलमध्ये घड्याळ थांबत नाही. म्हणून वाया गेलेला वेळ प्रत्येक सत्राच्या अखेरीस भरून दिला जातो. खेळाडूंची अदलाबदल, जखमींची तपासणी, कार्ड दाखविणे, पाणी पिण्याची विश्रांती, व्हिडिओ पडताळणी, गोलनंतरचा जल्लोष आणि हेतुपुरस्सर वेळकाढूपणा यांचा नियम ७ मध्ये स्पष्ट उल्लेख आहे. चेंडू रेषेबाहेर गेल्यावर थ्रो-इनला लागणारा वेळ मात्र खेळाचाच स्वाभाविक भाग मानला जातो. स्वाभाविक विलंब कोठे संपतो आणि वेळकाढूपणा कोठे सुरू होतो, हे कोणतेही घड्याळ सांगू शकत नाही. तेथे पंचाचा विवेकच निर्णायक ठरतो.

चौथा पंच फलकावर दाखवितो तो आकडा किमान वेळेचा असतो. मुख्य पंच ती वाढवू शकतो, घटवू शकत नाही. फलकावर पाच मिनिटे असताना सहाव्या मिनिटाला झालेला गोल म्हणूनच नियमबाह्य ठरत नाही. पहिल्या सत्रातील मोजणीची चूक दुसऱ्या सत्रात भरून काढण्यासही मनाई आहे.

हा विवेक किती काटेकोर असावा, याविषयीची भूमिका बदलत गेली. २०२२ च्या कतार विश्वचषकात वाया गेलेला वेळ अधिक अचूक मोजण्याचे धोरण राबविण्यात आले. इंग्लंड-इराण सामन्यात इराणच्या गोलरक्षकाच्या डोक्याला मार लागल्याने पहिल्याच सत्रात १४ मिनिटे वाढविण्यात आली. प्रेक्षकांना ते विचित्र वाटले. हिशेबाने ते योग्यच होते.

चारोटी, डहाणू, तलासरी परिसरातील वाचकांस कबड्डीशी तुलना उद्बोधक वाटेल. कबड्डीत वेळ संपली तरी सुरू असलेली शेवटची चढाई पूर्ण होऊ दिली जाते. फुटबॉलमध्ये अशी सवलत केवळ पेनल्टी किकला आहे. १९७८ च्या विश्वचषकात ब्राझील-स्वीडन सामन्यात कॉर्नर किकचा चेंडू हवेत असतानाच पंच क्लाइव्ह थॉमस यांनी शिट्टी वाजविली. त्याच चेंडूवर झिकोने हेडरने केलेला गोल अमान्य झाला आणि सामना १-१ असा बरोबरीत राहिला. नियमानुसार पंचाचा निर्णय अचूक होता. तथापि त्यावरील वाद आजही शमलेला नाही.