लेपाची परीक्षा, संगणकाची साक्ष

वर्कशॉपमध्ये किंवा हार्डवेअरच्या दुकानात सोन्यासारखी चमकणारी ड्रिल तुम्ही पाहिली असतील. तो रंग शोभेचा नसतो. हायस्पीड पोलादाच्या ड्रिलवर टायटॅनियम नायट्राइडचा थर चढवलेला असतो, त्याचा तो रंग. या थराची जाडी दोन ते चार मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण विसावा हिस्सा. पण तो खालच्या पोलादापेक्षा दुपटीहून अधिक कठीण असतो आणि ड्रिलची धार लवकर झिजू देत नाही. चष्म्याच्या प्लास्टिकच्या भिंगांवर ओरखडे पडू नयेत म्हणूनही असेच लेप देतात. लेपाची कल्पना आपल्याला नवी नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना करतात ती कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ लेपच.

आता प्रश्न असा, की एवढा पातळ लेप किती कठीण आहे हे ठरवायचे कसे? कारखानदार एक आकडा देतो आणि गिऱ्हाईक त्यावर विसंबून पैसे मोजते. पण तो आकडा लेपाचा असतो, की लेपाखालच्या धातूचा?

काठिण्य मोजण्याची रूढ रीत सोपी आहे. एखादी कठीण वस्तू ठरावीक भाराने नमुन्यावर दाबायची, उमटलेला ठसा मोजायचा आणि भाराला ठशाच्या क्षेत्रफळाने भागायचे. ठसा लहान तर पदार्थ कठीण. स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांनी १९०० मध्ये पोलादी गोळी वापरून ही रीत रूढ केली. पुढे १९२०च्या दशकात इंग्लंडमधील व्हिकर्स कंपनीत चौकोनी मनोऱ्याच्या आकाराचे हिऱ्याचे टोक आले. जाड धातूसाठी या रीती आजही उत्तम चालतात.

लेपाच्या बाबतीत मात्र अडचण येते. दहा किलोच्या भाराने व्हिकर्सचे टोक कठीण पोलादावर दाबले, तर खड्डा सुमारे २० मायक्रॉन खोल होतो. लेप अवघा तीन मायक्रॉनचा असेल तर टोक त्याला केव्हाच पार करून जाईल. मग भार कमी करावा, हे ओघाने आले. पण तेवढ्याने भागत नाही. पापड ओट्यावर ठेवून बोटाने दाबा आणि नंतर तोच पापड गादीवर ठेवून दाबा. पापड तोच, पण बोटाला लागणारा विरोध वेगळा. गादीवरचा पापड खाली वाकतो आणि शेवटी मोडतो. बोट पापडाला लागले, तरी उत्तर गादीने दिलेले असते. लेपाचे नेमके असेच होते.

यातून वाट काढली ती नॅनोइंडेंटेशन या तंत्राने. यात तीन बाजूंचे हिऱ्याचे टोक अगदी हळुवार दाबतात आणि भार व खोली यांची सतत नोंद ठेवतात. तीन मायक्रॉनच्या टायटॅनियम नायट्राइडच्या लेपात ३०० नॅनोमीटर खोल जायला चार-पाच ग्रॅम वजनाइतका भार पुरतो. ठसा इतका बारीक असतो, की असे तीसेक ठसे केसाच्या रुंदीत ओळीने मावतील. प्रत्येक ठसा सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसणे कठीण. म्हणून भार काढून घेताना टोक कसे वर येते यावरून संपर्काचे क्षेत्रफळ गणिताने काढतात. ऑलिव्हर आणि फार या अमेरिकी संशोधकांनी १९९२ मध्ये दिलेली ही पद्धत जगभर वापरली जाते.

पायाचा प्रभाव टाळण्यासाठी प्रयोगशाळांत एक ठोकताळा पाळतात. लेपाच्या जाडीच्या एक दशांशापेक्षा खोल जायचे नाही. मात्र हा ठोकताळा सगळीकडे सारखा लागू पडत नाही. फार उथळ जावे, तर पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि टोकाचा बोथटपणा आड येतो. शिवाय खड्डा अगदी लहान झाला की तोच धातू अधिक कठीण भासतो. खोल जावे तर पाया बोलू लागतो. ही कोंडी फोडायला संगणकाची मदत होते.

संगणकात आपण लेप आणि पाया यांची प्रतिकृती उभी करतो. फायनाइट एलिमेंट नावाच्या पद्धतीत नमुन्याचे हजारो लहान तुकडे कल्पायचे असतात. टोकाखाली ते बारीक ठेवायचे, दूर गेल्यावर मोठे. प्रत्येक तुकड्याला त्याच्या पदार्थाचे गुण द्यायचे, म्हणजे तो किती ताठ आहे आणि किती ताणाला कायमचा दबतो. मग कल्पित टोक थोडे थोडे खाली उतरवायचे आणि प्रत्येक पायरीला सगळ्या तुकड्यांचा तोल साधणारे गणित सोडवायचे. काम हलके व्हावे म्हणून तीन बाजूंच्या टोकाऐवजी तेवढ्याच क्षेत्रफळाचा शंकू घेतात. शंकू सगळ्या बाजूंनी सारखा असल्याने त्याचा एकच उभा काप सोडवला की पुरते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात भट्टाचार्य आणि निक्स यांनी १९८८ मध्ये पायावरील पातळ लेपांसाठी अशी गणिते करून दाखवली.

याचा मोठा फायदा असा, की प्रयोगात जे दिसत नाही ते येथे दिसते. पाया बदला, लेप तोच ठेवा आणि आकडा किती हलतो ते पाहा. प्रत्यक्षात यासाठी डझनभर नमुने बनवावे लागले असते. ताठपणा मोजताना एक दशांशाच्या आतही पायाचा प्रभाव जाणवतो, कारण टोकाखालचा कायमचा दबलेला भाग लहान असला तरी लवचीक ताण पुष्कळ दूर पसरतो.

मऊ लेप कठीण पायावर असेल तर वेगळाच घोटाळा होतो. पोळपाटावर थापलेल्या लोण्यात बोट दाबले, की लोणी बाजूने वर येते. तसाच धातू टोकाभोवती वर चढतो आणि टोकाला अधिक जागी टेकतो. नेहमीच्या गणिताला हे कळत नाही. संगणकावरील अभ्यासातून बोल्शाकोव्ह आणि फार यांनी १९९८ मध्ये दाखवले, की अशा पदार्थांत क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत कमी धरले जाऊ शकते. क्षेत्रफळ कमी धरले की काठिण्य फुगते, आणि लेप आहे त्याहून कठीण ठरतो.

मग सगळा प्रयोग संगणकावरच का करू नये? कारण संगणकाला पदार्थाचे गुण आपणच पुरवतो. ते चुकले तर उत्तरही चुकते, मग चित्र कितीही रंगीत असो. म्हणून आधी उघड्या पायाची चाचणी घेऊन त्याचे गुण पक्के करतात. नंतर लेपाचे गुण अंदाजाने धरून आलेख काढतात, प्रयोगाच्या आलेखाशी ताडून पाहतात आणि जुळेपर्यंत अंदाज बदलतात. यातही एक फसगत आहे. चेंग आणि चेंग यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की वेगवेगळ्या गुणांचे पदार्थ एकाच टोकाखाली एकसारखा आलेख देऊ शकतात. आलेख जुळला म्हणजे पदार्थ ओळखला, असे होत नाही. म्हणून निराळ्या कोनाचे दुसरे टोक वापरून खात्री करावी लागते.

या सगळ्याचा व्यवहारात उपयोग काय? कठीण लेप मऊ पायावर बसवला, तर पाया दबताच लेप अंड्याच्या कवचासारखा तडकतो. लेप आणि पाया यांच्या सांध्यावर ताण कोठे साठतो, हे संगणक आधी दाखवू शकतो. लेप जाड करावा, की आधी पायाच कठीण करावा, हे त्यावरून ठरवता येते. काठिण्याचा नुसता मोठा आकडा एवढे सांगत नाही. तेव्हा असा आकडा समोर आला, की तीन गोष्टी विचाराव्यात. लेप किती जाड होता, टोक किती खोल गेले आणि खाली पाया कशाचा होता? या तिन्हींची उत्तरे मिळाली, तरच तो आकडा लेपाचा आहे की नाही हे कळेल.