ऐकण्याची निगा : भाग ६ – मळ, ओलावा आणि घरातला एक माणूस

मागच्या आठवड्यात कानाचं माप घेऊन मोल्ड कसा बनवतात ते पाहिलं. मोल्ड बसला, मशीन लागलं, सवयही झाली. मग पाऊस सुरू होतो आणि मशीन बंद पडल्याच्या तक्रारी वाढतात. काही वडीलधारी माणसं मात्र वेगळंच म्हणतात : "मशीन चालू आहे, माझेच कान आणखी गेले." मला ही दुसरी तक्रार जास्त काळजीची वाटते. असं वाटणारा माणूस दाखवायला येतच नाही. मशीन डबीत जातं, डबी कपाटात जाते आणि तो माणूस जेवताना सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. अशा वेळी पुष्कळदा कान पूर्वीइतकेच असतात. आवाजाच्या वाटेत फक्त मळाचा ठिपका किंवा पाण्याचा थेंब अडकलेला असतो.

कानामागच्या मशीनमध्ये आवाज मायक्रोफोनमधून आत जातो, मोठा होतो आणि हुक, ट्यूब, मोल्ड या वाटेने कानात उतरतो. कानातली हवा उबदार आणि दमट असते, ट्यूब मात्र बाहेरच्या हवेत. एसीच्या खोलीत किंवा पावसाळी गारव्यात त्या वाफेचं ट्यूबमध्ये पाणी होतं. एवढासा थेंबही आवाज अडवायला पुरतो. घामातल्या क्षारांनी सेलच्या पट्ट्या गंजतात, मग मशीन मध्येच चालतं, मध्येच थांबतं. बारीक तारेच्या मशीनमध्ये रिसीव्हर, म्हणजे आवाज देणारा छोटा स्पीकर, थेट कानाच्या नळीत बसतो. तिथे ओलाव्यापेक्षा मळाचा त्रास जास्त. त्याच्या तोंडावरची पांढरी जाळी, म्हणजे वॅक्स गार्ड, भरली की आवाज आधी बारीक होतो आणि मग बंदच होतो. ही जाळी घरी बदलता येते. मशीन घेताना ती समोर बदलून दाखवायला सांगा आणि एकदा स्वतःच्या हाताने बदलून पाहा.

पुसायची वेळ सकाळची. रात्रीत मळ सुकतो आणि मऊ ब्रशने सहज झडतो. ब्रश फिरवताना मशीनचं तोंड खाली धरावं, नाहीतर झडलेला मळ परत आतच पडतो. भोकात सुई, सेफ्टी पिन, काडी घालू नये. पिनेने फाटलेला रिसीव्हर बदलावाच लागतो आणि ते महागात पडतं. मोल्ड मात्र धुता येतो. ट्यूब हुकपासून सोडवायची, मोल्ड आणि ट्यूब कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवायची, रबरी फुग्याने हवा मारून पाणी काढायचं आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा जोडायची. मशीनला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. स्पिरिट आणि सॅनिटायझर दोन्ही टाळावेत. काही महिन्यांनी ट्यूब पिवळी आणि कडक होते, तेव्हा ती बदलून घ्यावी. ती आखडली की मोल्ड नीट बसत नाही आणि मशीन शिट्टी मारायला लागतं.

आपल्याकडच्या काही सवयींबद्दल इथे बोलायलाच हवं. कान दुखला की तेल, खाज आली की तेल, थंडीत उगाचच तेल. तेलाने मळ फुगतो आणि मोल्डखाली दमट राहिलेल्या कानात बुरशी धरते. कानात काही घालायचं असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच. डोक्याला तेल लावताना, केसांना मेंदी किंवा डाय लावताना, पावडर मारताना मशीन काढून ठेवावं. पावडरीचे कण मायक्रोफोनच्या बारीक भोकात बसतात. एमआरआयच्या खोलीत जाण्यापूर्वी तर मशीन काढलंच पाहिजे.

आता सेल. पिवळा 10, चॉकलेटी 312, केशरी 13 आणि निळा 675 : रंग पाहून आकार ओळखायचा. हे सेल झिंक-एअर जातीचे असतात, म्हणजे हवा आत गेल्याशिवाय ते चालत नाहीत. स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं सेल तसाच बाहेर ठेवा, मग मशीनमध्ये घाला. घाईने घातला तर तो सुरुवातीपासूनच कमी जोर दाखवतो आणि लोकांना वाटतं की सेल जुना निघाला. एकदा काढलेला स्टिकर परत लावला तरी सेल पूर्वीसारखा होत नाही. सेल फ्रीजमध्ये ठेवू नयेत, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळी हवेत ते लवकर संपतात, कारण हवेबरोबर वाफही आत शिरते. त्यात सेल कमअस्सल असतोच असं नाही. वापरलेले सेल लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मुलाने सेल गिळला असेल अशी नुसती शंका आली, तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन कोरड्या डबीत ठेवायचं. घट्ट झाकणाची डबी आणि आत सिलिका जेल एवढं पुरतं. रंग बदलणारी जेल घ्यावी. निळी गुलाबी झाली किंवा केशरी हिरवी झाली की तिने ओलावा पुरेसा शोषला, बदलायची वेळ झाली. तांदळात ठेवण्याचा सल्ला फोनवरून फिरत असतो. तांदळाला एवढा ओलावा शोषता येत नाही आणि त्याची भुकटी मशीनमध्ये जाते. तवा, हेअर ड्रायर, खिडकीतलं ऊन यांनी मशीनचं प्लास्टिक आणि भाग खराब होतात. चार्जिंगचं मशीन डॉकमध्ये ठेवण्यापूर्वी कोरड्या कापडाने पुसावं. डबी कुत्र्याच्या आवाक्याबाहेर ठेवा. कुत्र्यांना कानातल्या मळाचा वास आवडतो आणि चावलेलं मशीन दुरुस्त होणं अवघड असतं.

ही सगळी कामं ज्याच्या कानात मशीन आहे, त्याच्याच गळ्यात टाकून चालत नाही. थरथरत्या बोटांना आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना वॅक्स गार्डची जाळी दिसतही नाही. म्हणून मशीन घेताना घरातला एक माणूस सोबत असावा. सून असो, मुलगा असो, नातू असो, पण नेमका एकच, ज्याला हे काम आपलं वाटेल. सकाळी त्याने आणखी एक गोष्ट करायची. पाठीमागे उभं राहून, म्हणजे ओठ दिसणार नाहीत असं, साध्या आवाजात सहा ध्वनी म्हणायचे : म, ऊ, आ, ई, श, स. आजोबांनी किंवा मुलीने ऐकलेला ध्वनी परत म्हणायचा. 'म' जाड आवाजाचा, 'स' अगदी बारीक. ही डॅनियल लिंग यांची चाचणी लहान मुलांसाठी जगभर वापरली जाते आणि मोठ्यांनाही उपयोगी पडते. काल 'स' ऐकू येत होता आणि आज नाही, तर आधी जाळी, ट्यूब आणि सेल बघा. हे बदलूनही फरक पडला नाही तर कानात मळ साठलाय का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.

सरकारी एडिप योजनेतून मिळालेलं मशीनही याच पद्धतीने सांभाळायचं. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 पासून श्रवणदोषाच्या क्षेत्रात काम करते. दुरुस्ती किंवा तपासणीसाठी कुठेही जा, पण दोन्ही मशीन, मोल्ड, सेलचं चालू पाकीट आणि वॉरंटी कार्ड सोबत न्या. उजव्याची खूण लाल आणि डाव्याची निळी असते, ती पाहून कुठलं मशीन बिघडलं ते सांगा. बिघाड केव्हा होतो तेही सांगा : सकाळी घातल्या घातल्या, घाम आल्यावर की पावसातून आल्यावर. एवढ्या माहितीवरून तपासणाऱ्याचा अर्धा शोध संपतो. मशीन दुरुस्तीला ठेवावं लागणार असेल तर तोवर बदली मशीन मिळेल का, हे नक्की विचारा, विशेषतः ते शाळेत जाणाऱ्या मुलाचं असेल तर.